आप्पांनी निवडलेला समुद्र

"मम्मीचं काय, तिला कुठलाही समुद्र चालेल. ती काठावर बसून आपल्या चपला राखणार," विराज म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसले, कारण ते खरंच होतं.

रविवारची दुपार होती. इस्लामपूरच्या आमच्या घरात जेवणाची ताटं तशीच खरकटी पडली होती आणि समुद्रावरून जुंपली होती. मे महिना उतरणीला लागला होता. मृण्मयीची दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायच्या आत कुठंतरी जाऊन यायचं होतं आणि कुठंतरी म्हणजे समुद्रावर, इथपर्यंत एकमत होतं. त्यापुढं प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. मृण्मयीला तारकर्लीला जाऊन, पाठीला हवेचं नळकांडं बांधून समुद्राच्या पोटातले मासे बघायचे होते. अकरा वर्षांच्या विराजला केळ्याच्या आकाराच्या बोटीवरून पाण्यात आपटून घ्यायचं होतं. आणि माझ्या यजमानांना, म्हणजे दिगंबरना, गणपतीपुळं हवं होतं. कागदावर नाव घ्यायला हरकत नाही, तोंडावर मी त्यांना अहोच म्हणते. शाळामास्तर माणूस. देवदर्शन घडलं नाही तर सहल झाली असं त्यांना वाटतच नाही.

"निवांत दर्शन घ्यायचं, संध्याकाळी वाळूत चालायचं," ते म्हणाले.

"पप्पा, ते आपण म्हातारे झाल्यावर करू," मृण्मयी म्हणाली.

तेवढ्यात खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला.

"तिथं तळ कसा हाय?"

आम्ही चौघंही वळून बघायला लागलो. आप्पा, माझे वडील, जेवण झाल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते चक्क आमच्याकडं वळले होते.

"काय म्हणालात, आप्पा?" मी विचारलं.

"समुद्राचा तळ गं. वाळू हाय का खडक? उतार कसा हाय?"

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ते आम्हा चौघांचे वासलेले आ मला अजून दिसतात. कारण आप्पांनी कित्येक महिन्यांत कशाबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्याच्या आदल्या दिवाळीत त्यांना लकव्याचा झटका आला होता. डावा हात गेला, डावा पाय गेला. आई आधीच गेलेली, मला भाऊ नाही, म्हणून दवाखान्यातून मी त्यांना सरळ माझ्याकडं आणलं. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. थोडे दिवस खपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, पाय चालायला तयार आहे हो. आप्पाच तयार नाहीत." चार पायांची काठी आणली होती, तिच्यावर आप्पा टॉवेल वाळत घालायचे. कुणी भेटायला आलं की म्हणायचे, "लेकीच्या दारात पडायची पाळी आली बघा." हे जावयाच्या देखत. दिगंबर बिचारे वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे.

आणि हा माणूस कोण, तर वाळव्याकडच्या आमच्या गावातला पट्टीचा पोहणारा. दर उन्हाळ्यात गावातली पोरं थोरल्या विहिरीवर जमायची आणि आप्पा एकेकाच्या पाठीला डबा बांधून त्याला वरून ढकलून द्यायचे. पोरगं बोंबलत खाली जायचं, पाठोपाठ आप्पांचा सूर. चार दिवसांनी तेच पोरगं आपणहून उडी मारायचं. आज गावातले निम्मे कर्ते पुरुष आप्पांनी ढकललेले आहेत. मला मात्र पोहता येत नव्हतं. त्या पोरांचे कपडे आणि कुणाकुणाची घड्याळं राखत मी काठावरच्या चिंचेखाली बसायची. पुढं पुढं तर गुडघाभर पाणी बघितलं तरी मी मागं सरायची.

तर आप्पांनी तळ विचारला आणि घरात दिवाळी झाली. मृण्मयी मोबाइल घेऊन त्यांच्या खाटेवर जाऊन बसली. "हे बघा आप्पा, हे तारकर्ली."

आप्पांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "वरनं निळं दिसतंय गं. खाली काय हाय ते सांग की."

दिगंबर माझ्याकडं बघून हसले. मी नाही हसले. मी उठले, ताटं गोळा केली आणि मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. संक्रांतीच्या सुमाराला आप्पांचे जुने मित्र बाबू लोहार भेटायला आले होते. मी आत चहा टाकत होते. आप्पा त्यांना म्हणाले, "बाबू, माझं एक काम कर. मला एकदा थोरल्या विहिरीवर न्हे आन काठावर ठिवून माघारी ये. फुडचं माझं मी बघतो." बाबूकाकांना रडू फुटलं. आप्पा आपले हसत होते. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा दोघंही उसाच्या तोडणीबद्दल बोलायला लागले होते.

आता तोच माणूस पाण्याची खोली विचारत होता.

त्या आठवड्यात आप्पांनी कोकणपट्टी फोनवर पालथी घातली. मृण्मयी नंबर लावून द्यायची आणि आप्पा उजव्या हातानं फोन कानाला लावून, समोरचा माणूस फोनमध्ये नसून नदीपलीकडं उभा आहे अशा आवाजात बोलायचे.

"हॅलो! वाळव्याकडनं बोलतोय. तुमच्या हितं पाणी किती परस हाय?"

विहिरीची खोली आमच्याकडं परसात मोजतात. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढा एक परस. कोकणातल्या माणसांना हे काय ठाऊक. कुणी फोन ठेवून द्यायचं, कुणी खोलीचं भाडं सांगायला लागायचं. मालवणच्या एक बाई मात्र खळखळून हसल्या. मृण्मयीनं फोन मोठ्यानं बोलेल असा केला होता, त्यामुळं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"ओ काका, समुद्राक परस नाय असतत, लाटा असतत!"

"ते ठावं हाय, बाय. पन माणूस आत चालत गेला तर कंबरंएवढं पाणी कुठं लागतंय?"

"आमच्या चिवल्यार बरोच लांब जावचा लागता. समोर खडक आसत, तेंच्या आडोशाक पाणी निवांत. आमची पोरां थयच शिकली."

"तळाला काय?"

"वाळू. बारीक, मऊ."

आप्पांनी फोन खाली ठेवला. "हितं जायचं," ते म्हणाले.

त्या बाईंचं नाव मिठबावकर वहिनी. चिवल्याच्या किनाऱ्याला लागूनच त्यांचं घर, पुढच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना द्यायच्या. "पण लवकर येवा," त्यांनी बजावलं होतं, "आठवड्याभरात दर्या फिरतलो, मगे कोण पाण्यात जावक देवचा नाय." मृण्मयी-विराजला चिवला चालणार होता, कारण तिथून तारकर्ली हाकेच्या अंतरावर. गणपतीपुळं बाद झालं. "तिथं पाऊल टाकलं की पाणी खाली वडतंय म्हणं," आप्पांनी निकाल दिला. दिगंबरनी बाप्पाला मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन आले तर आप्पा खाटेवर नव्हते. काठीवरचा टॉवेल जमिनीवर पडला होता आणि आप्पा काठी टेकत, डावा पाय फरफटत, भिंतीच्या कडेनं दाराकडं निघाले होते. कपाळावर घामाच्या धारा.

"अहो आप्पा! पडाल!"

"समुद्राला जायाचं म्हणजे पाय नगंत व्हय?" ते म्हणाले, दाराला शिवले आणि परत फिरले.

ज्या पावलांसाठी मी सहा महिने देव पाण्यात घातले होते ती पावलं आता मला बघवेनात. चालून चालून हा माणूस निघाला होता कुठं? त्या संध्याकाळी मी दिगंबरना स्वयंपाकघरात बोलावलं आणि बाबूकाकांचं सगळं सांगितलं.

"आपण पन्हाळ्याला जाऊ," मी म्हणाले. "थंड हवा आहे, पोरांना गड बघता येईल. समुद्र नको."

दिगंबरनी कणकेच्या डब्याचं झाकण लावलं. आप्पांना ते मामा म्हणत. "मामांना सांगितलंस?"

"तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील."

त्यांनी सांगितलं. आप्पा एवढंच म्हणाले, "समुद्राला न्यायचं तर न्या. न्हाईतर मला गावाकडं सोडा." आणि पुन्हा भिंतीकडं तोंड. रात्री जेवले नाहीत. सकाळचा चहा तसाच गार झाला. काठीवर पुन्हा टॉवेल आला.

"वैजू," दिगंबर मला म्हणाले, "ह्या घरात आल्यापासून मामांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. ते नाही म्हणायचं?"

"आणि त्यांना तेच हवं असलं तर?"

"मग आपण चौघं आहोत की त्यांच्याभोवती. इथं खाटेवर ते एकटेच आहेत."

मी आप्पांना गरम चहा करून दिला आणि म्हणाले, "जाऊ समुद्राला." त्यांनी बशीत ओतून फुरकी मारली. "साखर कमी पडली," म्हणाले.

आमच्या जुन्या व्हॅनमधून फोंडा घाट उतरलो तेव्हा पोरं गाणी म्हणत होती आणि मी आप्पांच्या शेजारी बसून मनाशी बंदोबस्त ठरवत होते. खोलीच्या दारात मीच आडवी झोपणार. काठी माझ्या उशाशी. आप्पा पाण्याकडं गेलेच तर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दिगंबर. पोरांना ह्यातलं काही कळू द्यायचं नाही. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. फणस दिसला की फणस म्हणत होते, काजू दिसला की काजू.

चिवल्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. विराज गाडीतून उडी मारून माडांच्या पलीकडं धावला आणि तसाच परत आला.

"मम्मी, समुद्र गेला!"

खरंच गेला होता. समोर ओली वाळू पसरलेली, मध्ये मध्ये काळे खडक उघडे पडलेले, खेकडे तिरके पळतायत आणि पाणी कुठंतरी तिकडं लांब चमकतंय. आम्ही पाचही घाटावरची माणसं तोंडं उघडी टाकून उभी. आप्पांना दिगंबरनी धरून उतरवलं होतं. त्यांनी काठीवर भार देऊन डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

"आरं तिच्या," ते म्हणाले, "उपसा कुणी केला?"

मिठबावकर वहिनी पदर तोंडाला लावून हसत अंगणात आल्या. "गेलो हा, काका, येतलो सकाळी. ओहोटी म्हणतत हेका. तेचो रोजचोच नेम आसा."

आप्पांनी वाळू विचारली होती, उतार विचारला होता, खडक विचारले होते. भरती-ओहोटी विचारायचं काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला जातं, पावसाळ्यात वर येतं. ते संध्याकाळी निघून जाऊन सकाळी माघारी येत नाही. आप्पा क्षणभर त्या ओल्या वाळूकडं बघत राहिले आणि मग त्यांना हसू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. झटक्यानं त्यांचं तोंड डावीकडं किंचित ओढलं गेलं होतं, त्यामुळं ते हसणं वाकडं होतं, पण माणसाचं इतकं सरळ हसणं मी त्यानंतर फार ऐकलेलं नाही. पोरं त्यांना बिलगली. दिगंबरनी मला डोळ्यांनी खुणावलं, बघ. मी बघितलं. तरीपण रात्री काठी उशाशी घेऊन दारातच झोपले.

सकाळी दिगंबर पोरांना घेऊन तारकर्लीला गेले. बोट लवकर सुटत होती. जाता जाता मला म्हणाले, "तासाभराचं काम आहे, आलोच." आप्पांना मी अंगणात माडाखाली खुर्चीवर बसवलं होतं. पाणी खरंच माघारी आलं होतं, अंगणाच्या बांधापासून थोड्याच अंतरावर वाळूला लागून सपक सपक आवाज करत होतं. लाटा म्हणाव्या अशा नव्हत्याच.

"वैजे, गरम पाणी मिळतंय का बघ प्यायाला," आप्पा म्हणाले.

मी वहिनींच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांनी घावनं घातली होती, एक खाऊन बघ म्हणाल्या, मी नको नको म्हणत उभी राहिले. हातात तांब्या घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी.

काठी नव्हती. ओल्या वाळूत एक पाऊल, एक फरफट, शेजारी काठीचे चार ठसे, असं थेट पाण्यापर्यंत गेलेलं दिसत होतं. आप्पा मांडीभर पाण्यात होते आणि पाठमोरे आत चालले होते.

तांब्या कुठं पडला मला माहीत नाही. मी "आप्पा!" म्हणून ओरडले आणि धावत सुटले. चप्पल वाळूत रुतून निघाली. ओढणी कुठं गेली ते नंतर वहिनींनी शोधून दिली. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, सलवार जड झाली, मी हातांनी पाणी मागं सारत, बरळत, रडत त्यांच्यापर्यंत पोचले आणि त्यांचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"कुठं निघालात? मला टाकून कुठं निघालात?"

आप्पांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, थट्टा होती, का दोन्ही, मला सांगता येणार नाही.

"आलीस? किती वाट बघाय लावायची माणसानं!"

"तुम्ही मुद्दाम मला आत पाठवलंत."

"मग? तू सोडतीस व्हय मला हितवर?"

"बाबूकाकांना काय म्हणाला होता ते मी ऐकलंय, आप्पा," मी हुंदके देत म्हणाले. "सगळं ऐकलंय. विहिरीवर ठेवून ये म्हणाला होता. मी काही खुळी नाही. रोज खोली विचारताय, उतार विचारताय..."

पाणी आमच्या कमरेशी हलकं हलकं वरखाली होत होतं.

"म्हणलो व्हतो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आन खरंच तसं मनात व्हतं. खाटंवर पडून दुसरं काय येतंय मनात? पार परवापतूर व्हतं."

"मग?"

"मग त्यो तुझा पोरगा म्हणला, मम्मी काठावर बसून चपला राखणार."

मला काही कळेना. "त्याचं काय?" मी विचारलं.

"तुम्ही समदी हसलासा. तूबी हसलीस. मला न्हाई हसू आलं, वैजे. ते काठावर बसणं मी लावलंय तुला. सातवीत व्हतीस. विहिरीत उतरायला रोज माझ्यामागं लागायचीस. मी डबासुदिक आणला व्हता तुझ्यासाठी. भावकीतली चार डोकी म्हणली, पोरगी मोठी झाली, आता पाण्यात नगं. आन मी बरं म्हणलो. समद्या गावाला वरनं ढकलणारा गडी, चार माणसांना भ्यालो."

"मला वाटायचं, मीच भित्री आहे म्हणून तुम्ही शिकवलं नाही."

"तुला कुठली भीती! पायरीवरनं धा येळा मागं वडलंय तुला. भीती नंतर आली."

मला 'पाण्यात जायचं नाही' म्हणणारा आईचा आवाज आठवला, तिनं दाराला लावलेली कडी आठवली, पण आप्पांनी माझ्यासाठी डबा आणला होता हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांची दोन पोरांची आई असून मी त्या पाण्यात उभी राहून सातवीतल्या पोरीसारखी रडले. आप्पांनी रडू दिलं.

"झालं?" थोड्या वेळानं ते म्हणाले. "आता विहिरीत काय माझ्यानं व्हायाचं न्हाई. तिथं पायाखाली तळ न्हाई आन मला एकच पाय हाय. म्हणून असलं पाणी हुडकलं. आता खाली बघ, कुठं उभी हाईस ती."

मी खाली बघितलं. पाणी माझ्या कमरेच्या वर होतं. एरवी ह्याच्या निम्म्या पाण्यात मला भोवळ आली असती.

"उताणी हो."

"आप्पा, नाही जमणार मला."

"तुला कुठं जमवायचंय? पाणी धरतंय तुला. तू फकस्त त्याच्याशी भांडू नगंस. मान टाक माझ्या हातावर."

त्यांनी काठी मला वाळूत रोवायला लावली. उजवा तळहात माझ्या मानेखाली घेतला. विहिरीवर ते पोरांना शिव्या द्यायचे, थोबाडीत ठेवून द्यायचे. इथं त्यांचा आवाज इतका हळू होता की मला कान द्यावा लागत होता. पोट वर. हनुवटी वर. श्वास धरून ठेव. सोड. पहिल्या खेपेला मी पाय आपटले आणि नाकातोंडात पाणी गेलं. दुसऱ्या खेपेला आप्पांचा गळा धरला आणि दोघंही गटांगळी खाऊन उठलो. आप्पांनी चूळ टाकली.

"थू! आरं, ह्यात मीठ कुणी घातलं?"

खोकता खोकता मला हसू फुटलं. मग त्यांनी मला काहीतरी दाखवलं. त्यांचा डावा हात, जो खाटेवर उचलून ठेवावा लागायचा, तो पाण्याच्या वर आपोआप आला होता आणि खांद्याच्या रेषेत तरंगत होता.

"माझं ऐकत न्हाई," आप्पा त्याच्याकडं कौतुकानं बघत म्हणाले, "पाण्याचं ऐकतोय बघ."

तिसऱ्या खेपेला माझे पाय वर आले. कान पाण्याखाली गेले आणि जगाचा आवाज बंद झाला. वर आभाळ, आभाळाच्या कडेला आप्पांचं उलटं दिसणारं तोंड. त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होते ते मला ऐकू येत नव्हतं. मला एवढंच समजत होतं की मी बुडत नाही आणि हा माणूसही बुडणार नाही. माझ्या मानेखालच्या त्याच्या हाताला आता काम मिळालं होतं.

उठून उभी राहिले तेव्हा किनाऱ्यावर मिठबावकर वहिनी, त्यांच्या शेजारी दिगंबर आणि दोन्ही पोरं. बोट वाऱ्यामुळं सुटलीच नव्हती, म्हणून ते परत आले होते. दिगंबरचा चेहरा पांढराफटक पडला होता. बुटांसकट ते अर्धे पाण्यात आले होते. मी हात वर करून सांगितलं, ठीक आहे, सगळं ठीक आहे.

"मम्मी, तू पाण्यात?" विराज किंचाळला.

"गप ए," आप्पा ओरडले. "शिकवणी चाललीया. तू काठावर बस आन चपला राख."

पुढचे दोन दिवस आप्पांनी मला सोडलं नाही. भरती कधी ते मिठबावकर वहिनींकडून ठरवून घ्यायचे आणि त्या वेळेला अंगणात तयार होऊन बसायचे. मृण्मयीची बोट दुसऱ्या दिवशी सुटली, ती मासे बघून आली आणि तिनं रंगसुद्धा सांगितले, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष नव्हतं. मी हात मारायला शिकत होते. चार हात मारून मी धापा टाकत उभी राहायची आणि आप्पा म्हणायचे, "म्हशीसारखी पोहतीस. पन पोहतीस." संध्याकाळी पाणी गेलं की ते वाळूवरून काठी टेकत चालायचे. "डावा पाय उचला, मामा," दिगंबर म्हणायचे. "उचलतोय की, मास्तर," आप्पा म्हणायचे. खरंच उचलत होते.

निघायच्या दिवशी दर्या फिरला. खडकांवर पाणी उसळत होतं आणि मिठबावकर वहिनी म्हणाल्या, "बरा झाला, वेळेत इलात." त्यांनी डब्यात घावनं भरून दिली. मी सामान व्हॅनमध्ये चढवत होते. आप्पा अंगणातून स्वतः चालत आले, दिगंबरचा पुढं केलेला हात त्यांनी बाजूला केला, आधी काठी आत टाकली आणि मग पाय उचलून पुढच्या सीटवर बसले. खिडकीतून त्या खवळलेल्या पाण्याकडं ते बराच वेळ बघत होते. त्यांची काठी मी हळूच माझ्या बाजूला ओढून घेतली. सवय इतक्या लवकर जात नाही.

"मामा, कसा वाटला समुद्र?" दिगंबरनी गाडी चालू करत विचारलं.

"बरा हाय," आप्पा म्हणाले. "पन फुडल्या वर्षी जरा खोल पाण्याचा बघाय पाहिजे. वैजीला ह्यो आता पुरायचा न्हाई."

दिगंबरनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मी तोंडावर ओढणी धरली होती.

"मृण्मयी, फोन दे गं इकडं," आप्पा मागं हात करत म्हणाले. "गाडी घाटाला लागायच्या आत चार ठिकाणी विचारून घेतो."